थोरल्याने केलेली क्षमा

थोरल्याला रडायला फार लवकर यायचं. प्रार्थनेत त्याने डोळे मिटले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज चिरकायचा, नाक भरायचं, आणि मग शेवटपर्यंत तो नाक ओढत ओढतच बोलायचा. मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, केवढं कोवळं मन आहे या माणसाचं. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीलाही तसंच वाटलं होतं. रडणारा नवरा मारणारा नसतो, असा तिचा साधा हिशेब होता, आणि तो खराही निघाला. पण गेलं वर्षभर त्या नाकाचा आवाज कानावर आला की तिला समोरचं ताट सारून उठावंसं वाटायचं.

त्या गुरुवारी सकाळीही तसंच झालं. पाव, उकडलेली अंडी आणि दूध मांडून ती बसली आणि थोरल्याने हात जोडले.

"हे प्रभू, या अन्नाबद्दल आभार. मी पापी माणूस. तुझ्या दाराशी उभं राहायचीही माझी लायकी नाही." इथे आवाज चिरकला. "आणि माझ्या धाकट्या भावावर दया कर. तो चुकला, पण तू त्याला टाकू नकोस. सोमवारी तो हे घर सोडून जाईल, तिथे त्याला सांभाळ."

खिडकीबाहेर फावड्याचा खरखर आवाज येत होता. ज्याच्यासाठी ही प्रार्थना चालली होती तो बाहेर थोरल्याच्याच गाईंचं शेण ओढत होता. थोरल्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमला, लोंबला आणि हातातल्या पावावर पडला. 'आमेन' म्हणून त्याने तोच पाव दुधात बुडवला आणि खाल्ला. थोरलीने आपला पाव फडक्यात गुंडाळून ठेवून दिला.

एका अंगणात दोन घरं आणि दोन गोठे होते. बापाने मरण्याआधी वाटणी अशी केली होती की भांडायला जागाच राहू नये. ओढ्याच्या अलीकडचं कुरण थोरल्याला, पलीकडचं धाकट्याला. दोघे भाऊ एकाच केंद्रावर दूध घालायचे आणि रविवारी एकाच गाडीने चर्चला जायचे. धाकट्याच्या गोठ्यात अकरा गाई होत्या. आता एकही नव्हती, आणि रिकाम्या गव्हाणीत कोंबड्या अंडी घालत होत्या. धाकटा भावाच्या गोठ्यात गडी म्हणून राबत होता. सोमवारी तो आपलं कुरण आणि गोठा थोरल्याच्या नावावर करून देणार होता आणि बायकोला घेऊन शहरात कातडी खारवण्याच्या कारखान्यात कामाला जाणार होता. कुरण बाहेरच्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून आपण ते घेतोय, असं थोरला सगळ्यांना सांगत होता.

ती चहा घेऊन गोठ्यात गेली. धाकटा फावड्यावर रेलून धापा टाकत होता. गडी उंचापुरा, पण वर्षभरात कपडे अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले होते. दर दोन-तीन आठवड्यांनी ताप चढायचा, घामाने अंथरूण ओलं व्हायचं, मग उतरायचा आणि पुन्हा चढायचा. गुडघे सुजलेले. बोटांच्या बेचक्यांत शेणाने आणि चुन्याने चिरा पडल्या होत्या आणि त्यांतून पिवळं पाणी झिरपत होतं. त्याच बोटांनी त्याने कप धरला.

"बसा थोडं, भावजी. आजही अंग तापलंय तुमचं."

"ताप काय, घरचाच झालाय आता. सांगून येत नाही आणि सांगून जात नाही." तो हसला. "दादाचा गोठा तेवढा लख्ख करून जातो. जाताना घाण ठेवून गेला, असं नको कुणी म्हणायला."

"डॉक्टरला पुन्हा दाखवा की."

"दाखवून झालं. गोळ्या दिल्यात. वहिनी, हा गोळ्यांनी जाणारा ताप नाही. कशाचा आहे ते माझं मला ठाऊक आहे." त्याने चहाचा घोट घेतला. "आणि बरंच आहे. इथेच फिटलं तर पुढे तोंड दाखवता येईल देवाला."

थोरली कप परत घ्यायलाही थांबली नाही. तो कोणत्या पापाबद्दल बोलतोय ते तिलाही ठाऊक होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मागच्या वर्षी थंडी सरता सरता थोरल्याने एका फिरत्या दलालाकडून कागद नसलेली गाय आणली. स्वस्तात मिळाली म्हणून आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होता. गाय सात महिन्यांची गाभण होती. नवव्या दिवशी ती गाभडली. केंद्राचा नियम लहान पोराला कळेल इतका सरळ होता. वासरू दिवस भरायच्या आत पडलं की जनावरांच्या डॉक्टरला कळवायचं, पडलेलं सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, आणि तपासणी होईपर्यंत दूध बंद. गाई गाभडवणारा रोग पडलेल्या वासरातून आणि त्यामागून पडणाऱ्या वारेतून पसरतो, हे केंद्राच्या भिंतीवर चित्रासकट लावलेलं होतं.

"पोतं आण," थोरला म्हणाला होता.

तिने पोतं आणलं आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं. वासराच्या अंगावर अजून धड केस नव्हते. खूर भिजलेल्या साबणासारखे पिवळे आणि मऊ होते. वार तपकिरी, चामड्यासारखी जाड, तुकड्यातुकड्यांनी आलेली, आणि तिचा वास असा की तो नाकात शिरत नव्हता, घशात जाऊन बसत होता. थोरल्याने सगळं आत कोंबलं. तिने दाभण-सुतळीने पोत्याचं तोंड शिवलं.

"पुरायचं ना?"

"जमीन दगड झालीय. आणि आपल्या कुरणात पुरलं, कुत्र्यांनी उकरलं, म्हणजे? आपल्याच गाई हुंगत बसतील."

त्याने पोतं खांद्यावर टाकलं. पोत्यातून गळणारं त्याच्या पाठीवर ओघळत होतं. ओढ्यावरच्या फळीवरून तो पलीकडे गेला आणि थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी परत आला. कुठे टाकलं म्हणून तिने विचारलं. "पलीकडे, झुडपांत," तो म्हणाला आणि हात धुवायला बसला. पलीकडे म्हणजे कुणाचं, हे तिला सांगायला नको होतं. त्या वेळी तिने तोंड उघडलं असतं तर धाकट्याच्या गाई वाचल्या असत्या. तिने मूग गिळले आणि भांडी घासायला घेतली.

गाय चार दिवसांत कसायाकडे गेली. पोतं कुत्र्यांनी फाडलं. गवत वर आलं तशा धाकट्याच्या गाई कुरणात उतरल्या आणि गाईंच्या जातीप्रमाणे जे दिसेल ते हुंगत चाटत हिंडल्या. उन्हाळ्यात एकीपाठोपाठ एक पाच गाभडल्या. धाकट्याने लपवालपवी केली नाही. त्याच दिवशी कळवलं. डॉक्टरबाई आल्या, सगळ्या गाईंचं रक्त घेतलं, आणि अकरांपैकी नऊ गाई ट्रकमध्ये चढवून मारायला नेल्या. उरलेल्या दोन विकून टाकाव्या लागल्या. थोरल्याच्या गाईंच्या रक्तात काही निघालं नाही. महिनाभर दूध बंद राहिलं तेवढंच. "एवढ्यात दिसत नाही कधी कधी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. सहा महिन्यांनी थोरल्याने आज जमणार नाही, उद्या जमणार नाही करत ते टोलवलं.

रोग आला कुठून, असं त्या वेळी डॉक्टरबाईंनी धाकट्याला विचारलं होतं. धाकट्याने जमिनीकडे बघत सांगितलं. केंद्राने बंदी घातलेला एक वळू टेकडीपलीकडे होता. बायको नको नको म्हणत असताना तिला चोरून तो आपली एक गाय तिकडे घेऊन गेला होता. "मग तिथूनच आला असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं. थोरला तिथेच उभा होता. भरपेट जेवण झाल्यावर पट्टा सैल करावा तसा त्याचा चेहरा सैल पडला. तो थोरलीने बघितला, आणि त्या दिवसापासून तिला त्याच्या शेजारी झोपताना भिंतीकडे तोंड करावं लागलं.

पण खरी शिसारी पुढेच होती. प्रभुभोजनाच्या आधी ज्याच्या मनात काही असेल त्याने उभं राहून सांगावं, अशी त्यांच्या मंडळीची रीत. धाकटा उभा राहिला. मोठी पट्टेवाली टोपी हातांत पिळत म्हणाला, "मी लोभ केला. बायकोशी खोटं बोललो. माझ्यामुळे जनावरं मेली, आणि माझ्या भावाच्या तोंडचं काढलं गेलं. दादा, मला माफ कर."

थोरला गायनाचा पुढारी, पहिल्या बाकावरचा. तो उठला, मधल्या वाटेने चालत गेला आणि भावाच्या गळ्यात पडला. "मी तुला क्षमा केली आहे," तो हुंदके देत म्हणाला, "आणि देवानेही केली आहे." सगळी मंडळी रडली. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. बायकांच्या बाजूला बसलेल्या थोरलीच्या तोंडात आंबट पाणी भरून आलं. त्या पाण्यासकट तिने भोजनाची भाकर गिळली. धाकटा मात्र त्या दिवसापासून भोजन घेईना. आपली लायकी नाही म्हणायचा आणि ताटली पुढे सरकवून द्यायचा.

गुरुवारी दुपारी दोघी जावा हौदाशी दुधाचे कॅन धुवायला बसल्या. धाकटी बारीक चणीची, हाताला झपाटा असलेली बाई. कॅनमध्ये खांद्यापर्यंत हात घालून ती ब्रश फिरवत होती.

"सोमवारी आम्ही गेलो की हा ब्रश तुम्हालाच ठेवा, जाऊबाई. तिकडे कुठले कॅन धुवायला."

"बोललीस का त्यांच्याशी?"

"नाही." धाकटीने कॅन उपडा केला. वर्षभर ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. "ताट वाढते, पुढे सरकवते. ताप आला की पाणी ठेवते उशाशी. माणुसकी म्हणून. त्याच्या पुढे बोलायला काही उरलंच नाही आत. मी नको म्हटलं होतं हो. तीन गाई माझ्या माहेरच्या होत्या. त्या ट्रकमध्ये चढत नव्हत्या, तर त्याने स्वतः शेपट्या पिळून चढवल्या."

"एवढं मनात धरून राहू नये," थोरली म्हणाली आणि आपलीच जीभ तिला नासल्यासारखी वाटली.

"तेच म्हणते मी. दादांनी बघा. त्यांचं काही चुकलं नसताना त्यांना सोसावं लागलं, तरी भर मंडळीत मिठी मारली याला. तेवढं मन कुठून आणू मी?" धाकटीचा हात थांबला. "रोज प्रार्थना करते, दादांसारखं मन दे म्हणून. येत नाही. मी वाईट बाई आहे, जाऊबाई."

थोरली उठली. हौदामागे गेली आणि पोटात जे काही होतं ते ओकली. धाकटी पाणी घेऊन आली आणि तिची पाठ चोळत राहिली.

रात्री जेवणाच्या वेळी थोरलीने थोरल्यासमोर ताट ठेवलं पण स्वतः बसली नाही.

"भावजींना सांगा," ती म्हणाली.

काय, ते त्याने विचारलं नाही. घास नीट चावून गिळला. "मी सांगितलंय."

"कुणाला?"

"पाळकसाहेबांना. तीन महिने झाले. गुडघ्यांवर बसून, सगळं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. तुला काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. देवाने ते पाप आपल्या पाठीमागे टाकलं."

"देवाने पाठीमागे टाकलं आणि तुम्ही ओढ्यापलीकडे."

"बोल तू. टोचून बोल. मी त्याच लायकीचा आहे." त्याचे डोळे भरले.

"रडू नका. माझ्या मरणाची शपथ आहे, आत्ता रडू नका. तो माणूस दुसऱ्याचं पाप आपलं समजून झिजतोय."

"दुसऱ्याचं कसं? चोरून वळूकडे गेला होता की नाही? बायकोशी खोटं बोलला की नाही? त्याचंही काही होतंच ना. त्याला पश्चात्ताप झाला, तो शुद्ध होतोय. आता मधेच जाऊन त्याच्या मनात विष कालवू? चार दिवसांत तो जाणार, शांत मनाने जाऊ दे." त्याने पावाच्या तुकड्याने ताटातलं शेवटचं कालवण पुसून घेतलं. "वाढ थोडं."

तिने पातेलंच त्याच्या पुढ्यात आदळलं.

शुक्रवारी ती चालत चर्चला गेली. पाळकसाहेब बाह्या सरसावून बाकांना वार्निश लावत होते. सज्जन माणूस. कुणाच्या घरी आजारपण असलं की पायाला भिंगरी लावून फिरायचा. थोरलीने पोत्यापासून सगळं सांगितलं. ते ब्रशकडे बघत ऐकत राहिले.

"मला माहीत आहे, बाई. त्यांनी खरा पश्चात्ताप केलाय. मी स्वतः त्यांचे अश्रू पाहिलेत."

"अश्रू सगळ्यांनीच पाहिलेत, साहेब. ज्याच्या गाई गेल्या त्याला काय?"

"त्याला आता काय मिळणार त्यातून? गाई परत येतील? दोन भाऊ कायमचे तुटतील, मंडळीत तट पडतील. तुमच्या मनाला टोचणी आहे, ती देवापुढे मोकळी करा. आपलं मन स्वच्छ करायला दुसऱ्याच्या घरात घाण कशाला टाकायची?"

"ती तर केव्हाच टाकलीय, साहेब," थोरली म्हणाली.

पाळकसाहेबांनी ब्रश डब्यात बुडवला आणि आपण तिच्यासाठी प्रार्थना करू असं म्हणाले. वार्निशच्या वासाने तिचं डोकं चढलं होतं. घरी येताना तिला वाटत होतं की आपण काही जगावेगळं बोलत नाही आहोत, साधी गोष्ट बोलतोय, मग ती कुणालाच का ऐकू जात नाही. आणि लगेच वाटलं, वर्षभर आपल्याला तरी कुठे ऐकू गेली.

शनिवारी सकाळी दूध काढून होतंय तोच कोपऱ्यातली तांबडी गाय कण्हायला लागली. तिचे दिवस भरायला अजून दोन महिने होते. धाकटा फावडं टाकून धावला. थोरला आणि थोरली पोचेपर्यंत त्याने बाही खांद्यापर्यंत वर केली होती आणि हात आत घातला होता. वासरू आलं ते मेलेलं. त्याच्या अंगावर केस नव्हते आणि खूर पिवळे, मऊ होते. मागोमाग वारेचा एक तपकिरी तुकडा लोंबायला लागला. तो वास थोरलीने लगेच ओळखला. वर्षभर तो तिच्या घशात होताच.

थोरल्याने दाराबाहेर नजर टाकली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"पोतं आण," तो तिला म्हणाला.

"पोतं कशाला, दादा?" धाकट्याने मान वळवली. "डॉक्टरबाईंना कळवायला हवं. हा तोच आहे." मग त्याने त्या वासराकडे नीट बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावरचं उरलंसुरलं रक्त उतरलं. "माझ्या अंगावरून आला. माझ्या कपड्यांवरून, हातांवरून. मी इथं काम करायला आलो आणि तुझाही गोठा बुडवला."

तो तिथेच शेणामुताच्या गाळात गुडघ्यांवर बसला. कोपरापर्यंतच्या घाणेरड्या हातांनी तोंड झाकावं की नाही हे त्याला कळेना, म्हणून हात हवेतच राहिले. "दादा, मी काय केलं हे. मला इथं उभंच करायला नको होतंस."

थोरला पुढे झाला. त्याचे डोळे भरून आले होते, आवाज आधीच चिरकला होता. "ऊठ," तो म्हणाला. "ऊठ रे. देव मोठा आहे. मी तेव्हाही तुला क्षमा केली होती आणि आजही—"

"पुरे," थोरली म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. 

"भावजी, रोग या गोठ्यातलाच आहे. तुमच्याकडे इथून आला. मागच्या थंडीत यांनी कागद नसलेली गाय आणली होती, ती गाभडली. कळवलं नाही. वासरू आणि वार पोत्यात भरली. पोतं मी शिवलं. यांनी ते तुमच्या कुरणात झुडपांत टाकलं."

 धाकट्याने विचारलं, "मी वळूकडे गेलो त्याच्या आधी की नंतर?"

"आधी. तीन आठवडे आधी."

"आधी," तो म्हणाला.

गाय पुन्हा कण्हली. धाकटा उठला. वार अडकली होती, तशीच राहिली असती तर गाय आतून सडली असती. त्याने हात पुन्हा आत घातला, गाल गाईच्या मांडीला टेकवला आणि डोळे मिटून बोटांनी एकेक धागा सोडवायला लागला. त्याच्या खांद्यावरून काळपट पाणी खाली ओघळत होतं. थोरला त्याच्या मागे उभा राहून रडायला लागला.

"मी नराधम आहे. मला ठाऊक आहे. पण मी देवापुढे सगळं कबूल केलंय रे. देवाने मला जवळ घेतलंय. आता तू मला क्षमा करायला हवीस. देवाने केली आणि तू नाही केलीस, तर तुझ्याच मनाला ते बरं नाही. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"बादली इकडे सरकव," धाकटा म्हणाला.

थोरल्याला ते कळलंच नाही. थोरलीने बादली सरकवली. वार तुकड्यातुकड्यांनी तिच्यात पडत राहिली. सगळी निघाली तेव्हा धाकट्याने गाईच्या पाठीवर थाप दिली, बाहेर हौदावर जाऊन हात तीनदा घासून धुतले आणि परत दारात येऊन उभा राहिला.

"डॉक्टरबाईंना बोलाव. आणि तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. मी ऐकायला इथं उभा राहतो."

दुपार व्हायच्या आत डॉक्टरबाई आल्या. रबरी बूट चढवले, हातमोजे घातले, बादलीत आणि वासराकडे बघितलं आणि वही काढली. थोरला पुढे झाला.

"डॉक्टरबाई, मी फार मोठा पापी माणूस आहे. माझ्या मनात अंधार—"

"ते तुमच्या चर्चमध्ये सांगा. आधी कधी गाय गाभडली होती का या गोठ्यात?"

"सैतानाने मला त्या घडीला असं—"

"हो की नाही?"

"हो." तो हमसून हमसून रडत होता.

"तारीख?"

थोरल्याने डोळे मिटले. त्याला तारीख आठवत नव्हती. वर्षभर ज्या पापावर तो दर रविवारी रडला ते नेमकं कोणत्या दिवशी केलं, हे त्याने लक्षातच ठेवलं नव्हतं. डॉक्टरबाई पेन धरून थांबल्या, मग कंटाळून थोरलीकडे वळल्या. थोरलीने तारीख सांगितली. गाय कुणाकडून आणली ते सांगितलं. पोतं कुठे टाकलं ते हात करून दाखवलं.

"पोतं कुणी बांधलं?"

"मी शिवलं. सुतळीने."

त्यांनी तेही लिहिलं. मग धाकट्याकडे बघून कपाळाला आठी घातली. "तुम्हाला ताप येतो का? चढतो, उतरतो? सांधे दुखतात?"

"येतो."

"किती दिवस? गाभडलेल्या गाई तुम्हीच हाताळल्या होत्या ना? आपल्या डॉक्टरला गाईंचं सांगितलं नाही?"

"लाज वाटली," धाकटा म्हणाला.

"कसली लाज? हा त्याच रोगाचा ताप आहे. माणसालाही होतो. रक्त तपासा, औषध वेगळं असतं. दीड-दोन महिने घ्यावं लागतं, पण बरा होतो."

"औषध आहे त्याला?" धाकट्याने विचारलं. मग हौदाच्या कठड्यावर बसला आणि आपले सुजलेले गुडघे चाचपायला लागला. थोरला त्याच्या दिशेने दोन पावलं आला, पण धाकट्याने मान वर केली नाही, तसा तो गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. डॉक्टरबाई सगळ्या गाईंचं रक्त घ्यायला लागल्या. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

थोरली अंगण ओलांडून धाकट्याच्या घराशी गेली. धाकटी आत भांडी खोक्यात भरत होती. दारातूनच थोरलीने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, सावरून घेतलं नाही. पोत्याचं तोंड कसं धरलं होतं तेही सांगितलं. धाकटी हातात एक ताट घेऊन ऐकत होती. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि ताट मांडीवर ठेवलं.

"वर्षभर माझ्याबरोबर हौदाशी बसत होतात तुम्ही," ती म्हणाली. "परवा मी तुमची पाठ चोळली."

"हो."

"मी देवाकडे दादांसारखं मन मागत होते."

धाकटीने मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

"माफी मागायला आलात?"

थोरलीचं तोंड उघडलं होतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण वर्षभर त्या शब्दाची जी गत झाली होती ती आठवून तिने तोंड मिटलं.

"नाही. सांगायला आले."

"ऐकलं. आता जा तुम्ही."

दार लागलं. थोरली पायरीवरच उभी राहिली.  मग खोक्यातून भांडी परत काढल्याचा आवाज आला, एकेक करून फळीवर लागत गेली. मग मागचं दार उघडलं आणि धाकटीचा आवाज अंगणातून हौदाकडे गेला. नवऱ्यासाठी वर्षभर न वापरलेला, घोगरा, मधेच अडकलेला.

"अहो," ती म्हणत होती, "जेवायला या."

थोरली ऐकत उभी होती. तिला कुणी बोलावलं नाही.